कोपराखालचा टॉवेल

माझ्या बायकोने मला उद्देशून म्हटलेलं पहिलं वाक्य असं होतं : "तुमची मान पुढे आली आहे."

मी तेव्हा ग्रंथालयात नुकताच लागलो होतो आणि परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो होतो. काउंटरपलीकडे एक मुलगी उभी होती, हातात हाडांच्या चित्रांचं विटेएवढं जाड पुस्तक. ती ना पुस्तकाकडे बघत होती ना माझ्या तोंडाकडे, सरळ मानेकडे बघत होती. मी शक्य तितक्या थंडपणे म्हटलं, पुस्तक चौदा दिवसांत परत यायला हवं. ती म्हणाली, तोवर खुर्ची जरा उंच करून घ्या, नाहीतर चाळिशीत त्रास होईल. मला रागच आला. पुढे चाळिशीत त्रास काही झाला नाही, कारण तोवर ती घरातच राहायला आली होती आणि येता-जाता माझी हनुवटी बोटाने मागे ढकलत होती.

ही फिजिओथेरपिस्ट आहे. लोक व्यायामवाल्या बाई म्हणतात, हाडांच्या डॉक्टर म्हणतात, तेवढं ती चालवून घेते. मालिशवाल्या म्हटलं की मात्र तिच्या अंगाचा तिळपापड होतो. माझी एक आत्या नेमकी चारचौघांत विचारते, "काय गं, मालिशचं कसं चाललंय?" अशा वेळी मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतो.

हिचे वडील खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायचे. डगमगणारी खुर्ची घेऊन कोणी दुकानात आलं, की ते खुर्चीला हात लावण्याआधी विचारायचे, घरात ही ठेवता कुठे? निम्म्या वेळा खुर्ची धड असायची आणि घरची फरशी वाकडी. ही लहानपणी त्या दुकानात लाकडाच्या भुशात खेळत मोठी झाली. सांधे मी आधी लाकडाचे शिकले, असं ती अजून सांगते.

पुढे कॉलेजात चार-साडेचार वर्षं माणसांचे सांधे शिकली. तिथे एक मॅडम होत्या. ताठ चालायच्या, ताठ बोलायच्या, म्हणून मुली त्यांना फूटपट्टी म्हणत. या फूटपट्टीने पहिला महिनाभर एकीलाही पेशंटला हात लावू दिला नाही. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर बसायचं, स्वतःचे हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबायचे आणि येणारी-जाणारी माणसं बघायची. कोण कुठल्या पायावर कमी भार टाकतं, कोण नुसती मान वळवतं आणि कोण अख्खं वळतं, कोण भिंतीच्या कडेकडेने जातं. हात मांड्यांखाली अशासाठी, की दिसलं कोणी अडखळताना की धावलं, ही खोड मोडावी. धावून जाणं सोपं असतं आणि बघणं अवघड, असं फूटपट्टीचं मत होतं.

मग एका सकाळी तिने सगळ्या वर्गाचे उजवे हात गळ्यातल्या झोळीत बांधले आणि संध्याकाळपर्यंत सोडायचे नाहीत असं फर्मान काढलं. दुपारपर्यंत वेणी, डबा आणि कुलूप या तीन शत्रूंपुढे निम्म्या मुली रडकुंडीला आल्या होत्या. हिने डाव्या हाताने खोलीचं कुलूप उघडलं, पण किल्ली वाकवली. ती वाकडी किल्ली अजून तिच्या खणात आहे. संध्याकाळी झोळी सुटली तेव्हा मनगट जसंच्या तसं होतं, आखडला होता तो खांदा. हे तिने तेव्हा वहीत लिहूनही ठेवलं होतं. पुढे काय झालं ते कळावं म्हणून मी हे मुद्दाम सांगतोय.

दुसऱ्या वर्षी एका आजोबांचा गुडघा तिने मोठ्या चिकाटीने वाकता केला. कोन मोजायला फिजिओथेरपिस्टांकडे दोन लांब पट्ट्यांचं प्लॅस्टिकचं कोनमापक असतं. त्याने मोजून ही धावत फूटपट्टीकडे गेली, एकशे पंधरा अंश झाले म्हणून सांगायला. फूटपट्टीने विचारलं, आजोबांना करायचंय काय? हिला माहीत नव्हतं. परत जाऊन विचारलं, तर त्यांना उकिडवं बसून कुंड्यांमधलं तण काढायचं होतं आणि त्याला एकशे पंधरा पुरत नाहीत. ते बिचारे महिनाभर निमूट गुडघा वाकवत होते, कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून हिच्या पेशंटच्या कार्डावर पहिला प्रश्न कुठे दुखतंय हा नसतो, काय करायचंय हा असतो. मी एकदा बसून ती कार्डं चाळली होती. नातवाला उचलायचंय. बाथरूमला एकटीने जायचंय. सुनेच्या आधी उठायचंय. एकाने लिहिलं होतं, काही नाही, बायकोने पाठवलंय.

शेवटच्या दिवशी फूटपट्टीने मुलींना जे सांगितलं ते हिला तोंडपाठ आहे, आणि आता मलाही. "माणूस बरा झाला हे यंत्र सांगत नाही. ज्या दिवशी तो आपला दुखरा हात विसरून कामाला लागेल त्या दिवशी आपली सुट्टी. तो तुम्हालाही विसरेल. त्याचं ज्यांना वाईट वाटणार असेल त्यांनी दुसरं काहीतरी शिकावं."

हिचा दवाखाना कुलुपं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी तळमजल्यावर आहे. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तीन आसनं : एक हातांची खुर्ची, एक बिनहातांची आणि एक बुटकं स्टूल. आलेलं माणूस कशावर बसतं आणि त्यावरून कसं उठतं, यातच तिची निम्मी तपासणी उरकते. आतल्या खोलीत दोन पलंग, भिंतीला शिडी, छताला कप्पी आणि दोर, तिनेच शिवलेल्या वाळूच्या रंगीत पिशव्या, आणि खिडकीपाशी एक टेबल. टेबलाच्या कडेला टॉवेलची जाड घडी. मनगटाचे पेशंट त्या घडीवर कोपर टेकवून बसतात आणि हात टेबलाच्या कडेबाहेर सोडून वर-खाली करतात. माझ्या गोष्टीतला खलनायक हा टॉवेलच आहे.

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खुर्चीचं सलून आहे. मालक, कारागीर, झाडलोट करणारा, सगळं एकच माणूस, साठीला टेकलेला. सगळे त्याला रेडिओ म्हणतात. का, ते त्याच्या खुर्चीत दोन मिनिटं बसलं की कळतं. वस्तरा हातात आला की त्याचं तोंड सुरू होतं आणि गालावरचा शेवटचा फेस पुसेपर्यंत बंद होत नाही. बरं, समोर कोण आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. फेस लावला की त्याला सगळे चेहरे सारखेच. एकदा तर त्याने मला, फेसाखाली बसलेल्या मलाच, ग्रंथालयातल्या एका खडूस माणसाची गोष्ट रंगवून सांगितली होती. मी दिवसभर शांततेत काम करणारा माणूस. वीस वर्षं त्याच्या खुर्चीत बसून मनात एकच म्हणत आलो, की हा एखाद्या दिवशी गप्प बसला तर काय बहार होईल.

मग तो गप्प बसला. दुकानातला दिवा बदलायला तो त्याच्याच फिरत्या खुर्चीवर चढला. खुर्ची तिच्या स्वभावानुसार फिरली आणि हा उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, हात झोळीत. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं झालं होतं, आणि तो हिच्याकडे आला. कार्डावरच्या प्रश्नाला त्याने एका शब्दात उत्तर दिलं : दाढी.

केस कापायला मशीन आहे, ते तो कसंबसं चालवत होता. पण त्याचं नाव होतं ते वस्तऱ्यावर. लांबून लोक त्याच्याकडे दाढीला यायचे. बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या गावी होती, ती म्हणत होती की बाबा, आता पुरे, या इकडे. शेजारचा मोबाइलच्या कव्हरवाला दुकानाच्या जागेसाठी मागे लागला होता. रेडिओने त्याला तिसऱ्या महिन्याच्या अखेरचा शनिवार सांगितला होता. हात तोवर सुधारला तर दुकान राहणार, नाही तर तिथे कव्हरं टांगली जाणार आणि हा मुलीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसणार. मुलगी चांगली आहे, जावईही चांगला आहे, पण गॅलरीचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा.

दोन महिने तो रोज सकाळी टॉवेलच्या घडीवर कोपर टेकवून बसला. हिने ते मनगट किती जपून, किती नेटाने सोडवलं ते मला माहीत आहे, कारण रोज रात्री जेवताना मला कोन ऐकायला लागत. आज चाळीस, आज पंचेचाळीस. शेवटी दोन्ही मनगटं सारखी वाकू लागली, मूठ सारखी आवळू लागली. काडेपेटीतल्या काड्या एकेक करून उचल, पाणी न सांडता पेल्यातून पेल्यात ओत, सगळ्यात तो पास झाला. हिने कार्डावर बरोबरची खूण केली आणि त्याला सांगितलं, दादा, करा सुरुवात.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याने मला बोलावलं होतं. मला त्या दिवशी अचानक काम निघालं. कसलं काम, ते विचारू नका.

माझ्या जागी एक निवृत्त पोस्टमन बसला आणि हनुवटीखाली कापून घेऊन उठला. जखम कसली, एक ओरखडा. पोस्टमन हसत घरी गेला. पण रेडिओने वस्तरा पुसला, मिटला, खणात ठेवून कुलूप लावलं आणि सरळ दवाखान्यात येऊन हिला म्हणाला, "वहिनी, तुमच्या मापाने हात बरा झालाय. माझ्या मापाने नाही झाला. तुम्ही खूप केलंत. आता राहू द्या."

त्या रात्री हिला जेवण गेलं नाही. मी आपला शहाणपणा दाखवला. म्हटलं, हात ठीकच असणार, भीती बसली असेल मनात. हिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा पेला उचलला.

"आमचं गणित चुकलं की आम्ही म्हणतो पेशंट घाबरला," ती म्हणाली. "फार सोयीचं आहे ते. आधी माझं गणित तपासू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फुग्यांचं पाकीट घेऊन सलूनमध्ये गेली. हा सगळा प्रकार मला नंतर दोघांकडून कळला. वस्तरा शिकणारी माणसं फुग्याला फेस लावून तो खरवडतात. हात जरा जड पडला की फुगा फुटतो. तिने फुगा फुगवला, खुर्चीच्या पाठीला गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या उंचीवर बांधला, आणि स्वतः मागच्या बाकावर हात मांड्यांखाली घेऊन बसली. रेडिओ वैतागलाच होता, पण वहिनींचं मन मोडायचं नाही म्हणून त्याने वस्तरा काढला. पहिला फुगा फुटला. दुसरा फुटला. तिसऱ्यालाही तेच झालं. ही मनगटाकडे बघतच नव्हती. तिसरा फुटताच तिने त्याला तसंच थांबायला सांगितलं.

त्याचा खांदा कानापर्यंत चढला होता. कोपर बरगडीला चिकटलं होतं, जसं काही काखेत छत्री धरली आहे. सहा आठवडे झोळीत लोंबून खांदा दमला होता. हात वर जात होता, पण वर गेल्यावर तिथे टिकत नव्हता. मग कोपर आधार शोधायचं, आणि खांद्याचं काम बिचारं मनगट करायचं आणि डोलायचं. पहिल्या दिवशी हिने खांदा तपासला होता. हात वर जातो, एवढं बघून खूण केली आणि विषय संपवला. त्यानंतर दोन महिने त्या हाताने जे काही केलं ते टॉवेलवर बसून केलं. आणि दाढी करणारा माणूस दिवसभर उभा असतो, हात हवेत धरून खुर्चीभोवती फिरत असतो. त्याच्या दुकानात कोपर टेकवायला टेबल कुठून येणार?

झोळीत हात घालून एक अख्खा दिवस काढलेली बाई ही. वहीत लिहून ठेवलेलं होतं. खुर्ची दुरुस्त करण्याआधी फरशी बघणाऱ्या माणसाची मुलगी. तीसुद्धा खुर्चीच तासत बसली होती.

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे, दादा. तुमच्या हाताची नाही. मला अजून तीन आठवडे द्या, पण इथे, तुमच्या दुकानात."

लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य मी तिच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. रेडिओला ते पहिल्या दोन महिन्यांत मिळालं. मला थोडा हेवा वाटला, पण ते असो.

महिनाअखेरच्या शनिवारला बरोबर तीन आठवडे उरले होते. दुपारी दोन ते चार सलून बंद असायचं, त्या वेळेत ही रोज तिथे जाऊ लागली. टॉवेल नाही, टेबल नाही, बसणं नाही. त्याला आरशासमोर उभं करायचं, चेहऱ्याच्या उंचीवर आरशावर ब्रशने फेसाचे गोल काढायला लावायचे आणि मग तो फेस कंगव्याच्या पाठीने, आरशाला ओरखडा न उमटवता, सावकाश काढायचा. एक गोल झाला की हात खाली, दम घ्यायचा, पुन्हा वर. पहिल्या आठवड्यात चार गोलांत त्याला घाम फुटायचा. दुसऱ्या आठवड्यात कोपर बरगडीपासून सुटलं. मग पुन्हा फुगे. खुर्चीभोवती फिरत, डावीकडून, उजवीकडून, वाकून. रोज घरी आली की हिच्या बाहीला साबणाचा वास यायचा आणि ती मला सांगायची, आज सहातले चार टिकले, आज सहाही टिकले.

तरी रेडिओ बोलत नव्हता. काम करताना एक अक्षर नाही. दात आवळलेले, नजर त्या हातावर खिळलेली. हिला फुग्यांच्या हिशेबापेक्षा त्याचीच जास्त काळजी होती.

त्याच सुमाराला ही मला एके सकाळी म्हणाली, राहू द्या की थोडी दाढी, शोभते तुम्हाला. मी आरशात पाहिलं. पांढऱ्या-काळ्या खुंटांत मला एक भारदस्तपणा दिसला. बावीस वर्षांनी बायको रूपाचं कौतुक करते म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार, मी दाढी वाढवली. ग्रंथालयातल्या दोघांनी विचारपूसही केली, बरं आहे ना म्हणून. मी नुसता हसलो.

शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी दोन वाजता ही ग्रंथालयात आली. काउंटरपलीकडे उभी राहिली आणि या खेपेला मानेकडे नाही, गालांकडे बघून म्हणाली, "छान वाढली आहे. चला."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. फुगा संपला होता, आता माणूस हवा होता, आणि तो दोन आठवडे घरातच पिकत ठेवला होता. मी म्हटलं, उद्या एक महत्त्वाची बैठक आहे. ती म्हणाली, हो, मग दाढी करायलाच हवी. मग आवाज खाली आणून म्हणाली, मागच्या वेळी तुम्ही पळालात हे त्यांना माहीत आहे. मी हातातला शिक्का खाली ठेवला आणि निघालो.

सलूनमध्ये रेडिओने मला बघितलं आणि मग हिच्याकडे. त्याने खुर्ची पुसली, माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, फेस केला. सगळं सावकाश. वस्तरा उघडण्याचा तो बारीक आवाज मी वीस वर्षं ऐकत आलो होतो, पण तो एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. ही मागच्या बाकावर बसली, हात मांड्यांखाली.

"वहिनी, काही चुकायला लागलं तर सांगा, मी थांबतो," तो म्हणाला.

"मी काही सांगणार नाही, दादा," ती म्हणाली.

पहिला हात उजव्या कानाजवळून खाली आला. मी श्वास धरला होता, त्यानेही धरला होता. दुसरा हात. तिसरा. मी आरशात हिच्याकडे बघत होतो, निदान नवऱ्याच्या गळ्यावर तिची नजर असेल या आशेने. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे होते त्याच्या कोपरावर, मग त्याच्या पायांवर, तो माझ्या मागून डावीकडे कसा वळतो त्यावर. मला आधी राग आला. मग कुठेतरी वाटलं की गळ्याकडे बघावं लागत नाही म्हणजे गळा सुरक्षित आहे, आणि मी श्वास सोडला.

डावा गाल झाला. त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, गळ्यावरची कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला. आणि तेव्हा, कसलीही सूचना न देता, तो बोलायला लागला.

"तुम्हाला सांगतो साहेब, एक बाई आहेत आपल्याकडे. व्यायामवाल्या. माझा हा हात मोडला ना, दोन महिने मला टॉवेलवर कोपर ठेवून बसवलं. आणि एक दिवस दुकानात येऊन काय म्हणाव्यात, चूक माझी आहे. आता मला सांगा, साठ वर्षांत मी माणसं काय कमी बघितली? या खुर्चीत वकील बसले, डॉक्टर बसले. कोण म्हणतं असं? मान जरा डावीकडे. तेव्हाच ठरवलं, की या बाई सांगतील तेवढे फुगे खरवडायचे. उद्या तो कव्हरवाला येतोय. त्याला म्हणणार आहे, ये, बस, आधी दाढी करून जा."

वस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवरून अगदी हलका वर गेला. कोपर हवेत होतं, खांदा खाली होता, आणि तो हाताकडे बघत नव्हता. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकल उभी करत होतं तिकडे बघत होता.

"नवरा मात्र एक नंबरचा घुम्या," तो पुढे म्हणाला. "ग्रंथालयात असतो. वीस वर्षं येतोय, हूं नाही की चूं नाही. हात बरा झाल्यावर पहिल्या दाढीला बोलावलं, तर पळाला. पण बाई सोनं आहे. मान वर."

मला हलता येत नव्हतं, हसता येत नव्हतं. आनंद एवढा झाला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायलाही हात कापडाखाली अडकलेले. हिचा मला किती अभिमान वाटतो हे मी घरी कधी बोलून दाखवत नाही. त्या वेळी मी आरशात फक्त तिला शोधलं.

तिने मांड्यांखालून हात काढले होते. ते एकमेकांवर चोळून तिने पिशवी उचलली, फुग्यांचं उरलेलं पाकीट बाकावर तसंच ठेवलं आणि पाय न वाजवता दाराकडे निघाली. माझ्याकडे बघून तिने फक्त स्वतःची हनुवटी बोटाने मागे ढकलली, मान सरळ ठेवा म्हणून. दार उघडलं, वरची घंटी किणकिणली, दार लागलं.

रेडिओचा हात थांबला नाही. त्याने गळ्यावरची शेवटची रेघ ओढली, वस्तरा कापडाला पुसला आणि आपल्याच नादात विचारलं, "कोण होतं हो?"

मी म्हटलं, कोणी नाही, आणि मान वर केली.